टाकेबाई आणि एकशे त्रेचाळीस तिऱ्हाईत

वाचनालयाच्या जिन्याखाली एक खोली होती आणि त्या खोलीत छत्तीस वर्षं एक बाई पुस्तकं शिवत होती. तिला सगळे टाकेबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं. तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

खोलीत दोन माणसं उभी राहिली, तर तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. एका बाजूला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, शेजारी शिवणीची लाकडी चौकट, खाली पुठ्ठ्यांची थप्पी, वर मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळ पिठाची, उरली तर मुंग्या, संपली तर बोंब. खिडकी एकच आणि तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे टाकेबाईंना बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसत. तेवढ्यावर त्यांचं भागत असे. "आले बघ तपकिरी बूट," त्या सुई न थांबवता म्हणायच्या, "म्हणजे समुद्रप्रवासाचं पुस्तक परत आलं. पानं दुमडून आणली असतील मेल्याने." आणि पानं दुमडलेलीच असत.

ही विद्या त्यांना मिळाली ती आधीच्या बाइंडरकडून. त्यांना सगळे खळमास्तर म्हणत, कारण मिशीच्या एका टोकाला कायम खळ सुकलेली असे. पहिल्याच दिवशी त्यांनी एकवीस वर्षांच्या टाकेबाईंना समोर बसवून नियम सांगितला.

"पुस्तक शिवणाऱ्याने पुस्तक वाचायचं नाही."

"का हो, मास्तर?"

"वाचायला लागलीस की हात थांबतो. हात थांबला की खळ सुकते. खळ सुकली की मी ओरडतो. बघ, परवडेल का."

"पण मग फर्मे उलटसुलट लागले तर कळणार कसं?"

मास्तर जरा अडले. जुनं पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे एकात एक दुमडलेली सोळा पानं. अशा पंधरा-वीस घड्या एकीवर एक शिवल्या की पुस्तक होतं. त्या जुन्या पुस्तकांचे कोपरे झडलेले, त्यांच्याबरोबर पानांचे आकडेही गेलेले. मग क्रम लावायचा तर एका घडीची शेवटची ओळ आणि पुढच्या घडीची पहिली ओळ जुळवून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बरं, तेवढं वाच," मास्तर नाइलाजाने म्हणाले. "पण त्याच्या पुढची ओळ वाचलीस तर माझ्याशी गाठ आहे."

अशा रीतीने, सोळा पानांमागे दोन ओळी या हिशेबाने, टाकेबाईंनी आयुष्यातल्या पहिल्या चाळीस कादंबऱ्या वाचल्या. त्या सगळ्या एकाच कपाटातल्या. एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती कादंबऱ्या. त्यांत एक घर असे, घरात चार-पाच मुली, अंथरुणाला खिळलेली आई, तिरसट बाप आणि पुस्तकभर एकच घोर, की कुणाचं लग्न कुणाशी जमणार. एकूण एकशे त्रेचाळीस पुस्तकं. लोकांनी वाचून वाचून त्यांच्या चिंध्या केलेल्या, म्हणून ती जिन्याखाली यायची.

घरी सासूबाई वाटच बघत असायच्या. त्यांची नजर अधू झाली होती, पण कान मात्र भिंतीपलीकडचं ऐकत.

"आज काय शिवलंस?" मटार सोलता सोलता त्या विचारायच्या.

"एक घर आहे. थोरलीने एक पत्र चुलीत टाकलं, एवढं कळलं. मग सोळा पानांनंतर एकदम, 'त्या दिवशी कुणीच जेवले नाही.'"

"पत्र कुणाचं?"

"ते मधल्या पानांत असणार."

"मग मधली पानं वाच की!"

"मास्तर ओरडतात."

"त्यांचं मी बघते. दोन ओळींवर मी रात्रभर तळमळत पडायचं की काय? वाच तू."

सासूबाईंच्या हुकुमापुढे मास्तरांचा नियम टिकला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर आणि पुस्तक शिकंज्याआड, असं टाकेबाईंचं वाचन सुरू झालं. मास्तरांना ते कळलं असणार, कारण पुढे पुढे ते जेवायच्या सुट्टीत मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहायचे. दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन टाकेबाई सगळं सांगायच्या, आवाज बदलून, हातवारे करून. पण पहिली पन्नास पानं सासूबाईंना पेंग यायची. "घरातल्या घरात काय चाललंय ते मला नको सांगूस," त्या उशी ओढत म्हणायच्या. "रुसवे-फुगवे, सासू-सून, नणंद-भावजय, सगळं जगून बसलेय मी. जरा पडते. कुणी परका आला की उठव."

आणि परका यायचाच. कधी गाडीचं चाक मोडलं म्हणून दारात उभा राहिलेला चिखलाने माखलेला प्रवासी. कधी माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली, एकच ट्रंक बाळगणारी बाई. कधी मुलींना गाणं शिकवायला ठेवलेला मास्तर, कधी पत्ता चुकलेला वकील. सासूबाई ताडकन उठून बसायच्या. "हं! आता कसं! काय विचारलं त्याने?"

कारण तो विचारायचाच. 'या खुर्चीवर कुणी का बसत नाही?' 'तुमच्या धाकट्या बहिणीला कुणी हाक का मारत नाही?' घरातल्या कुणाच्या जिभेवर तो प्रश्न आलाच नसता. काय विचारायचं नाही, हे त्या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी शिकत. परक्याला ते ठाऊक नसतं. तो चहाचा कप उचलतो आणि सहज विचारतो, आणि पुढची दोनशे पानं घर जागेवर राहत नाही.

टाकेबाईंना हे समजायला पुस्तकाची गरजच नव्हती. लग्न होऊन आल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी जेवताना विचारलं होतं, "ही वरची खिडकी सारखी बंद का असते?" सगळ्यांचे हात ताटातच थांबले. सासरे पाणी न पिता उठले. मग सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. त्यांची मुलगी त्या खिडकीत बसायची. एक दिवस बापाशी भांडून निघून गेली आणि नऊ वर्षं या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. "कुणी विचारलंच नाही गं," त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सगळ्यांना माहीतच होतं ना!" दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून पत्र लिहून घेतलं. महिन्याभरात नणंद दारात उभी. तेव्हापासून सासू आणि सून यांची जी गट्टी जमली, ती घरच्या पुरुषांना आजवर कळलेली नाही.

जिन्याखाली बसून टाकेबाईंना आणखी एक गोष्ट दिसत होती, जी वरच्या मजल्यावर कुणालाच दिसत नव्हती. पुस्तक उसवतं ते कुठूनही उसवत नाही. जिथे ते सगळ्यात जास्त वेळा उघडलं जातं, जिथे माणसं परत परत जातात, तिथला दोरा आधी झिजतो. पानं तिथे मळतात, कडा मऊ पडतात. आणि त्या कपाटातलं कुठलंही पुस्तक घ्या, दोरा तुटलेला असायचा तो परका घरात शिरतो त्याच फर्म्यात. लग्नाच्या फर्म्यात नाही, मरणाच्या नाही, शेवटच्या मिठीच्या तर नाहीच नाही.

वर्षं गेली. खळमास्तर गेले. कपाटातली पुस्तकं लोक हळूहळू नेईनासे झाले. आणि टाकेबाईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना ग्रंथपाल जिना उतरून आली. ती पंचविशीची मुलगी होती, तीन वर्षांपूर्वी लागलेली. घाबरली की चष्मा पुसायची. आज दोन्ही काचा पुसून झाल्या तरी थांबेना.

"मावशी, घरगुतीचं कपाट चाललं."

"कुठे?"

"लगद्याला. अध्यक्षांना त्या जागी संगणकाची टेबलं हवीत."

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. किडलं की काढून टाकायचं, हे त्यांचं एकच शास्त्र, आणि ते ते सगळीकडे लावत. नमुन्याला काही पुस्तकं ठेवावीत म्हणून त्यांनी एका प्राध्यापकांना बोलावलं होतं. प्राध्यापक दोन दिवस वर बसून होते. एकशे त्रेचाळीसपैकी त्यांनी नऊ निवडली. शनिवारी सभा, सोमवारी गाडी येणार.

"एकशे चौतीस पुस्तकं," टाकेबाई म्हणाल्या. सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. "अगं, यातल्या प्रत्येकाला मी निदान दोनदा नवा कणा दिलाय."

"मी बोलले, मावशी. ते म्हणतात, वाचक कुठे आहेत?"

त्याच दुपारी खिडकीतून अनोळखी बूट दिसले. नवे, काळे, पॉलिश इतकं की त्यात रस्ता दिसावा. थोड्या वेळाने तेच बूट जिन्यावरून खाली आले आणि त्यांच्या वर प्राध्यापक होते.

"नमस्कार. या नऊ पुस्तकांना जरा नीट बांधून द्याल का? जतन करायची आहेत."

टाकेबाईंनी नऊ पुस्तकं घेतली, एकेक हातात तोलून बघितली. "कशावरून निवडलीत, सर?"

"नमुना म्हणून. खरं सांगू? सगळ्यांत तेच आहे. तेच घर, तेच कुटुंब, शेवटी तेच लग्न. मी सगळ्यांची पहिली आणि शेवटची प्रकरणं तपासली."

"आणि मधली?"

"एवढी पुस्तकं सबंध कोण वाचणार?" प्राध्यापक हसले. मग त्यांची नजर शिकंज्यावर, चौकटीवर, टाकेबाईंच्या बोटांवर फिरली आणि त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुम्ही वाचलीत का हो यातली काही?"

छत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी नाही, आधीच्या चार ग्रंथपालांनी नाही. बाइंडर वाचत नाही, हे सगळ्यांना माहीतच होतं.

"सगळी," टाकेबाई म्हणाल्या.

"सगळी म्हणजे?"

"एकशे त्रेचाळीस. काही तीनदा. आणि सर, रागावू नका, पण तुम्ही घर मोजलंत आणि घरी आलेल्याला वगळलंत. तो पहिल्या प्रकरणात नसतोच. शेवटच्या प्रकरणात असला तर गाडीत बसून चाललेला असतो. तुम्ही दोन्ही टोकं बघितलीत, आणि तो तुम्हाला भेटलाच नाही."

"कोण तो?"

"तिऱ्हाईत."

प्राध्यापकांनी पुठ्ठ्याच्या थप्पीवर बैठक मारली. बराच वेळ ते प्रश्न विचारत होते आणि टाकेबाई उत्तरं देत होत्या, हात न थांबवता. शेवटी ते उठले, पॅंटची खळ झटकायचा निष्फळ प्रयत्न केला आणि म्हणाले, "बाई, ऐकायला हे फार छान आहे. पण सभेला पुरावा लागतो. शनिवारी या आणि दाखवा. पटलं तर मी माझी यादी फाडीन. नाही पटलं तर सोमवारी गाडी येईल."

पुरावा होता. तीच तर पंचाईत होती.

शनिवारी सकाळी टाकेबाई सासूबाईंच्या पलंगाशी नुसत्या बसून राहिल्या. सासूबाई आता नव्वदीला टेकल्या होत्या. डोळे पार गेलेले, जीभ जागच्या जागी.

"बोल. तुझा श्वास भांडल्यासारखा चाललाय."

"आई, ती घड्याळवाल्याची चूक आठवते?"

"आठवते म्हणजे! तुझी तीस वर्षांपूर्वीची. आपण दोघींनी गिळून टाकलेली."

"तीच सांगितली तर कपाट वाचेल. पण सांगायची म्हणजे सगळ्यांसमोर. आठ महिने राहिलेत. पस्तीस-छत्तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलेलं नाही, आणि आता जाता जाता..."

"हे बघ," सासूबाई हाताने चाचपडत सुनेच्या मनगटापर्यंत पोचल्या. "तू मला इतकी पुस्तकं ऐकवलीस. त्यांत घरचे लोक काय करतात? लपवतात. लपवतात म्हणून तर पुस्तक तीनशे पानांचं होतं. तू कशाला एवढी पानं खर्च करतेस? दोन वाक्यांत सांग आणि मोकळी हो. आणि ती निळी साडी नेस. गबाळ्यासारखी कबुली द्यायची नाही."

सभा वरच्या दालनात होती. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, उजवीकडे प्राध्यापक, डावीकडे ग्रंथपाल चष्मा पुसत, आणि मध्ये चार सभासद, जे सभेला चहासाठी येत असत. निळ्या साडीतल्या टाकेबाई दहा पुस्तकं छातीशी धरून आत आल्या.

"बसा, बसा," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. "पाच मिनिटांत उरकू. फारसं दुखणार नाही."

"मी उभीच बरी, साहेब." त्यांनी दहाही पुस्तकं टेबलावर एका रांगेत ठेवली आणि पहिलं कणा खाली करून, दोन्ही हातांनी मिटून उभं धरलं. "मी आता फक्त हात सोडते. पुस्तक आपणहून जिथे उघडेल, ते पान सरांनी मोठ्याने वाचावं."

त्यांनी पहिल्या पुस्तकाचा हात सोडला. पुस्तकाने क्षणभर दम खाल्ला आणि पानं दोन्हीकडे कलंडली. प्राध्यापकांनी वाकून वाचलं: "'दारात एक गृहस्थ उभा होता. त्याच्या बुटांना परगावची माती होती.'"

दुसरं. "'नव्या भाडेकरणीने जिन्यातच विचारले, इथे वर कोण रडते?'"

तिसरं. "'गाण्याचे मास्तर आले तेव्हा कुणी त्यांना बसा म्हणाले नाही.'"

सातव्या पुस्तकापर्यंत चार सभासदांचे चहा निवले होते. दहाव्याला प्राध्यापकांचा आवाज चढला होता. एकही पुस्तक लग्नावर उघडलं नाही.

"दीडशे वर्षांत ही पुस्तकं ज्यांनी ज्यांनी वाचली," टाकेबाई म्हणाल्या, "ती माणसं इथे परत परत आली. त्यांच्या बोटांनीच हे लिहून ठेवलंय."

"एक मिनिट," अध्यक्षांनी हात वर केला. दातांचे डॉक्टर असले तरी माणूस बिनडोक नव्हता. "ही पुस्तकं तुम्हीच शिवलीत ना? मग ती कुठे उघडायची ते तुमच्या शिवणीवर ठरणार. तुम्हाला तिऱ्हाईत आवडतो, तुम्ही तिथे दोरा सैल सोडलात. झालं!"

दालनात कुजबुज झाली. प्राध्यापक खुर्चीत मागे टेकले. "शंका रास्त आहे, बाई," ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

टाकेबाईंनी पदर खोचला.

"मग माझी चूक ऐका," त्या म्हणाल्या, आणि रांगेतलं शेवटचं पुस्तक पुढे सरकवलं. "हे मी तीस वर्षांपूर्वी शिवलं आणि यातला पाचवा फर्मा शिवायचाच राहिला. शिकंज्यात पुस्तकाखाली रद्दी कागदाची गादी घालतात. मी रद्दी समजून तो फर्माच गादीत घातला."

"आणि तुम्हाला कळलं नाही?" अध्यक्षांचे डोळे मोठे झाले. "सोळा पानं?"

"आम्ही जोडाच्या ओळी जुळवतो, साहेब. चौथ्या फर्म्याची शेवटची ओळ होती, 'इतक्यात दार वाजले.' सहाव्याची पहिली ओळ, 'तिने दार लावून घेतले आणि ती पुन्हा शिवणाला बसली.' मला वाटलं, जुळलं."

एक सभासद फसकन हसला. मग दुसरा. ग्रंथपालने चष्मा पुसायचं सोडून तोंडावर हात धरला. टाकेबाई हसल्या नाहीत.

"मधल्या सोळा पानांत एक घड्याळजी येतो. घरातलं मोठं घड्याळ तीन वर्षं बंद असतं, आणि तो विचारतो, कधीपासून? बस, एवढंच. चार वर्षं तो घड्याळजी माझ्या शिकंज्यात दबून पडला होता. शिकंजा तेल द्यायला उघडला तेव्हा सापडला. मी गुपचूप पुस्तकाचा कणा सोडवून तेवढाच फर्मा नव्या दोऱ्याने आत शिवला आणि इथे कुणाला सांगितलं नाही. आज सांगतेय. सर, पाचव्या फर्म्याचा दोरा बघा, आणि मग मागची चिठ्ठी वाचा."

प्राध्यापकांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. "पाचव्याला दोरा पांढरा आहे. बाकी सगळ्यांना पिवळट." मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे पुस्तक कधी नेलं आणि कधी परत आलं, त्याच्या तारखा होत्या. त्यांचं बोट रकान्यावरून खाली सरकू लागलं. "आधी... प्रत्येकाने पुस्तक पंधरा-पंधरा दिवस ठेवलंय. मग हे... दोन दिवस. तीन दिवस. एक दिवस! दोन दिवस." बोट थांबलं. "चार वर्षं कुणीही पुस्तक तीन दिवसांच्या वर ठेवलेलं नाही. आणि इथे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'या घरात कधी कुणी येत का नाही?'"

"आणि पुढे?" एका सभासदाने मान लांब केली.

"पुढे परत पंधरा दिवस. पंधरा. पंधरा. एकाने तर महिनाभर." प्राध्यापकांनी पुस्तक खाली ठेवलं आणि अध्यक्षांकडे वळले. "डॉक्टर, घर तेच, मुली त्याच, लग्न तेच. फक्त एक परका माणूस काढला आणि पुस्तक मेलं. परत घातला आणि जिवंत झालं. मी सहा वर्षं घरगुती कादंबरीतल्या कुटुंबावर ग्रंथ लिहितोय, आणि मला आज कळतंय की मी दार बंद करून आत बसलो होतो." खिशातून त्यांनी नऊ पुस्तकांची यादी काढली आणि चार तुकडे करून चहाच्या बशीत ठेवली. "एकही पुस्तक हलवू नका. प्रत्येकात कोण येतं, काय विचारतं, त्याची नोंद व्हायला हवी. आणि ती करू शकेल असं माणूस एकच आहे."

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

"चूक ती चूक. वाचनालयाचं पुस्तक चार वर्षं अपुरं राहिलं, याची नोंद इतिवृत्तात होईल."

"व्हायलाच हवी," टाकेबाई म्हणाल्या. "नीट लिहा. सोळा पानं, चार वर्षं, माझ्या हातून."

"आणि कपाट..." त्यांनी टेबलाकडे, निवलेल्या चहाकडे, सभासदांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. "कपाट राहील. संगणकाची टेबलं मासिकांच्या खोलीत जातील." ग्रंथपालने टाळी वाजवली आणि एकटीच वाजवतेय हे लक्षात येऊन थांबली, मग चारही सभासद वाजवू लागले. त्या गोंगाटात अध्यक्ष जरा पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ते घड्याळ बंद का होतं हो?"

"ते मी कसं सांगू, साहेब? पुस्तक घ्या. पंधरा दिवस मुदत आहे."

पुस्तकं मात्र आधीच पोत्यांत भरून दाराशी नेऊन ठेवलेली होती, सोमवारची तयारी म्हणून. ती वर आणायची तर एकोणीस पायऱ्या. शिपाई सभा संपेपर्यंत घरी गेला होता.

"चला," टाकेबाई म्हणाल्या.

आणि मग त्या वाचनालयाने कधी न पाहिलेला देखावा पाहिला. दातांचे डॉक्टर पोत्याचं एक टोक धरून, चार सभासद साखळी करून, ग्रंथपाल काखोटीला बारा-बारा पुस्तकं घेऊन धापा टाकत, आणि जिन्याच्या मधोमध निळ्या साडीत टाकेबाई, कमरेवर हात ठेवून. "कणा वर धरा, कणा! डॉक्टरसाहेब, दात नाहीयेत ते, ओढू नका! अहो, ती थप्पी तिसऱ्या फळीवर. ते खालच्या फळीवर नको, त्याला ओल सोसत नाही. हळू, हळू, ते माझं फार लाडकं आहे!" सभासदांपैकी सगळ्यात जाडा म्हणाला, की या वाचनालयात येऊन बावीस वर्षं झाली, पण पुस्तकाला हात आज पहिल्यांदा लागला. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

प्राध्यापक दोन खेपांनंतर दिसेनासे झाले. टाकेबाई शोधत खाली गेल्या, तर ते अकराव्या पायरीवर बसलेले. शेजारी पोतं, मांडीवर पुस्तक, नव्या बुटांवर धुळीचा थर.

"सर, वाट अडते."

"हं," प्राध्यापक मान वर न करता म्हणाले. "एक बाई आलीय. भर उन्हात, काखेत पिंजरा घेऊन. घरात कुणी तिला ओळखत नाही. ही काय विचारते?"

टाकेबाईंना ते पान पाठ होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पदर सावरला, शेजारचं पोतं दोन्ही हातांनी उचललं आणि प्राध्यापकांना वळसा घालून त्या वर निघाल्या.